मावशीचा पहिला टाका

माझ्या मावशीनं उभी हयात ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली. सर्जनच्या शेजारी उभं राहायचं, त्यानं न बघता हात पुढे केला की त्या हातात नेमकं हवं ते हत्यार ठेवायचं आणि सगळं आटोपलं की वापरलेलं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. या कामात तिचा हात कुणी धरला नसता. रिटायर झाल्यावरही ते हात काही थांबले नाहीत. फरक इतकाच, की आता टाकायला हॉस्पिटल नव्हतं, घर होतं.

तिच्या घरात वस्तूंचं आयुष्य बेताचंच. कपाचा कान उडाला, कप गेला. घड्याळ दोनदा मागे पडलं, घड्याळ गेलं. छत्रीची एक काडी वाकली तर छत्रीनं पुढचा पाऊस बघायचा नाही. माझी आई म्हणायची, "हिच्याकडे पाहुण्यानं एका जागी फार वेळ बसू नये. उचलून बाहेर ठेवील."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, बरोबर उलटे. ते वीज कंपनीत मीटर दुरुस्त करायचे. "कुठली वस्तू कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही," हे त्यांचं ब्रीद. त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं, "लग्न झाल्यापासून ऐकतेय. अजून एकही पडलेली नाही." शेवटी तह झाला. बाल्कनीतलं लोखंडी कपाट काकांचं, बाकी सगळं घर मावशीचं. कपाटाच्या हद्दीबाहेर एखादा स्क्रू जरी सापडला तरी पंचाईत.

अशा बाईला मी मोडक्यातोडक्या वस्तू जोडून कलाकृती करायच्या चार दिवसांच्या शिबिराला नेणार म्हटल्यावर आई म्हणाली, "मांजराला उंदरांच्या लग्नाला नेतेस होय?"

झालं होतं असं, की मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघींनी नावं घातली होती आणि मैत्रीण ऐन वेळी गालगुंड घेऊन बसली. जागा रिकामी जाणार होती. त्याच संध्याकाळी मी मावशीकडे गेले, तर ती दिवाणखान्यात खुर्चीवर बसलेली. टीव्ही बंद, दिवा बंद, दोन्ही हात मांडीवर उपडे. कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखे ते हात तिनं नुसते ठेवून दिले होते. रिटायर झाल्यापासून ती अशी बसते, असं काकांनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. मला ते बघवेना. बाहेर येऊन मी म्हटलं, "मावशी, उद्यापासून माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

मी सांगितलं.

"भंगार चिकटवायला?" तिनं असा चेहरा केला, की जणू कुणी तिच्या स्वच्छ ट्रेमध्ये शिंकलंय. पण मग जरा वेळानं म्हणाली, "किती वाजता निघायचं?"

शिबिर एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात होतं. हातभर जाडीच्या भिंती, उंच छत आणि बर्फाच्या लाद्या सरकवून सरकवून गुळगुळीत झालेली जमीन. मधोमध लांब टेबलं मांडली होती. जो तो घरून आणलेल्या पिशव्या उपड्या करत होता. कुणाच्या पिशवीतून बिजागऱ्या, कुणाच्या तुटके चष्मे, कुणाच्या बाहुलीचे पाय. मावशीनं मात्र पिशवीतून इस्त्रीचा एप्रन काढला, हातमोजे काढले आणि केसांवर टोपी चढवली.

"तुम्ही काय आणलंत?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. साठीच्या पुढच्या असतील. आवाज घोगरा, पायांत मजुरासारखे जाड बूट आणि नखांत रंग.

"माझ्या घरात टाकाऊ काही नसतं," मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात अभिमान होता.

बाई हसल्या नाहीत. "बरं. आधी ते बघून या," म्हणाल्या आणि त्यांनी पलीकडच्या भिंतीकडे बोट केलं.

त्या भिंतीवर बाईंचं स्वतःचं काम होतं. दारातून बघताना मला तो समुद्र वाटला होता. संध्याकाळचा, काळसर, मध्येच चमकणारा, एका अंगानं उसळून वर आलेला. आम्ही दोघी चालत जवळ गेलो आणि तो समुद्र पावलागणिक सुटत गेला. लाटेचा फेस म्हणजे चमचे होते. शेकडो चमचे, एकावर एक झुकलेले. पाण्याचा काळा रंग म्हणजे किल्ल्या, कुलपं, गंजलेल्या साखळ्या. चमकत होत्या त्या चष्म्यांच्या काचा. खाली खोल अंधारात पियानोच्या आतल्या लाकडी हातोड्या ओळीनं निजल्या होत्या.

मावशी दहा पावलं मागे गेली. पुन्हा समुद्र. पुढे आली. पुन्हा चमचे. मग परत मागे. मी तिला इतकी वर्षं ओळखते. एखाद्या गोष्टीसमोर ती अशी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. तिचं तोंड किंचित उघडं होतं.

"यातलं एकूण एक मी टाकून दिलं असतं," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे, त्या भिंतीशी.

टेबलापाशी आल्यावर बाईंनी तिच्यापुढे त्यांच्याकडचा ढीग सरकवला आणि म्हणाल्या, "यातून तुम्हाला हवं तसं काहीतरी मांडा." मावशी कामाला लागली. तासाभरानं बघतो तर काय, ढिगाची परेड झाली होती. सगळ्या वस्तू उंचीप्रमाणे, ओळीत, दांडे एका बाजूला, तोंडं एका बाजूला.

समोर एक लिफ्ट मेकॅनिक बसायचा. धिप्पाड गडी, बोलायला हळू. त्यानं मान वाकडी करून ते बघितलं. "तुम्ही थिएटरमध्ये सिस्टर होता का?"

"कसं ओळखलंत?"

"माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा शेजारी असंच मांडलं होतं. तेवढं बघितलं आणि मी आडवा झालो."

मावशी खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी ओळी न्याहाळल्या. "नीट आहे," म्हणाल्या. "यातलं तुम्हाला आवडतं काय?"

"आवडतं म्हणजे? कशासाठी?"

"कशासाठीच नाही."

बाई पुढे गेल्या, तरी मावशी त्या ओळींकडे बघत बसली. घरी जाताना बसमध्ये खिडकीबाहेर तोंड करून म्हणाली, "कशासाठीच नाही, म्हणे." मग दोन थांबे गेल्यावर पुन्हा तेच.

घरात पाय ठेवताच तिनं हाक मारली, "अहो, तुमचं कपाट जरा उघडता का?"

काकांचा चेहरा पडला. "का? काय झालं? मी बाहेर काही ठेवलेलं नाही."

"तुम्ही काही केलेलं नाही. मला थोडं भंगार हवंय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. हिला ताप आहे का, असा प्रश्न त्या नजरेत सरळ वाचता येत होता. मग किल्ली आणून त्यांनी कपाट उघडलं. आत डबेच डबे. एकात नट, एकात वायसर, एकात फक्त स्प्रिंगा. काका एकेक झाकण उघडून दाखवू लागले. इतक्या वर्षांत पहिलं गिऱ्हाईक मिळालेल्या दुकानदारासारखे ते खुलले होते. सगळ्यात मागे, फडक्यात गुंडाळलेला एक पत्र्याचा डबा होता.

"त्यात काय आहे?"

"तो राहू दे. त्यात तसं काही नाही."

तो राहू दे म्हटल्यावर मावशीनं दुसऱ्या कशाला हात लावला असता तरच नवल. तिनं डबा काढला, फडकं सोडलं, झाकण उघडलं. वरच एक कपाचा कान होता. पांढरा, त्याच्या कडेनं निळी रेघ.

मावशीनं तो उचलला. दिव्याकडे धरला. "हा आपल्या पहिल्या खोलीतला कप," ती म्हणाली.

"हो."

"मी टाकला होता."

"टाकलास ना. मी खाली जाऊन कान तेवढा आणला." काका दाराला टेकून उभे होते, शाळेत बाकावर उभं केल्यासारखे. "आख्खी वस्तू ठेवली असती तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हणून म्हटलं, एक तुकडा ठेवावा. तेवढा चालेल."

"एकेक तुकडा? कशाकशाचा?"

मावशी बाल्कनीतल्या फरशीवर खाली बसली. फरशी पुसलेली आहे की नाही हेसुद्धा तिनं पाहिलं नाही. एकेक वस्तू ती डब्यातून काढत गेली आणि मला सांगत गेली. रेडिओचं बटण. तो रेडिओ ऐकत ती रात्रपाळीहून येऊन भाकऱ्या थापायची. तिच्या मुलीच्या सायकलच्या घंटीची टोपी. पाळण्यावरच्या खेळण्याचं एक लाकडी चाक, लेकीनं दात लावून लावून एका बाजूला कुरतडलेलं. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा. ड्यूटीवरच्या पहिल्या बुटांचं बक्कल, त्याला अजून चामड्याची चिंधी लटकलेली.

"हे सगळं इथेच होतं?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मी आत झोपत होते आणि हे इथे होतं?"

ती रडली नाही. चिडली तर मुळीच नाही. जादूगारानं रिकाम्या टोपीतून कबुतर काढल्यावर लहान मुलं जशी त्याच्या हाताकडे बघतात, तशी ती काकांकडे बघत होती. काकांनाच ते सोसेना. ते म्हणाले, "चहा टाकू का?"

सकाळी शिबिराला निघताना काकांनी डबा तिच्या पिशवीत ठेवला आणि हात तसाच पिशवीवर राहू दिला. "चिकटवशील ना? टाकणार नाहीस?"

"टाकणार नाही," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डिंकाला हात लावायची बंदी केली. वस्तू नुसत्या मांडायच्या, सरकवायच्या, उचलायच्या, पुन्हा मांडायच्या. मावशीला जाड कापड ताणून बसवलेली मोठी लाकडी फळी मिळाली. तिनं डबा उघडला आणि आदल्या दिवशीची परेड काही झाली नाही. कपाचा कान कुठे ठेवायचा हे ठरवायला तिला अर्धी सकाळ लागली. ठेवायची, आणि दोन पावलं मागे जाऊन बघायची. ज्या हातांनी रक्त वाहत असताना चिमटे न चुकता पुढे केले, ते हात सायकलच्या घंटीची टोपी ठेवून पुन्हा पुन्हा उचलत होते.

दुपारी लिफ्ट मेकॅनिकनं आपल्या सगळ्या वस्तूंवर पांढरा रंग फिरवला. कप्प्या, बटणं, टाचण्या, बायकोचा मोडका कंगवा. आत्तापर्यंत तो उकिरडाच होता. रंग चढला आणि सगळं एका जातीचं झालं. एकाच दगडातून कुणीतरी कोरून काढल्यासारखं. आम्ही सगळे कामं टाकून भोवती जमलो. तो धिप्पाड गडी स्वतःच ब्रश हातात धरून दचकल्यासारखा उभा होता. "मी फक्त रंग दिला," तो एवढंच म्हणाला.

मावशीनं मात्र आपल्या वस्तूंना रंग देऊ दिला नाही. "त्यांचे रंग त्यांना असू देत," म्हणाली. संध्याकाळपर्यंत तिच्या फळीवर एक मोठं वेटोळं तयार झालं. सगळ्या वस्तू कडेकडेनं, मध्ये मोकळं.

"मधल्या जागेचं काय?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. पण तिथे काही ठेववत नाही."

"मग नका ठेवू."

तिसऱ्या दिवशी पक्कं करायचं होतं आणि तिथे घोडं अडलं. डिंक कपाचा कान धरेना. घंटीची टोपी जड, ती दर वेळी सुटून टेबलावर टणकन पडायची. मावशी कपाळाला हात लावून बसली. बाईंनी एक खोका आणला. त्यात मेण लावलेला काळा दोरा होता, वाकड्या सुया होत्या आणि सुई धरायचा एक चिमटा.

"शिवून टाकू," बाई म्हणाल्या. "कापड जाड आहे, धरेल. सुई कापडात घालायची, पलीकडून वर काढायची, आवळायचं."

त्या वाकड्या सुया पाहून मावशीचा चेहरा बदलला. तिनं काही न विचारता दोरा ओवला. सुई चिमट्यात धरली, नेमकी जिथे धरायला हवी तिथे. चिमटा फिरवला, मूठ पुढे केली आणि हात लांब करून तो बाईंच्या हाताशी नेला.

बाईंनी तो घेतला नाही.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मावशीचा हात तसाच हवेत. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मला कशाला देता?" त्या मऊपणे म्हणाल्या. "घाला ना तुम्हीच."

मावशीनं चिमट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मी कधी घातला नाही गं," ती म्हणाली. "इतक्या सुया दिल्या. इतक्या... टाका मी एकही घातलेला नाही."

मेकॅनिकनं ड्रिल खाली ठेवलं. मावशीनं चिमटा उलटा केला, मूठ आता तिच्याच तळहातात आली. तिनं डाव्या हातानं कपाचा कान कापडावर धरला. सुईचं टोक टेकवलं. श्वास आत घेतला आणि मनगट वळवलं.

सुई आत गेली. जरा वेळ नुसतं कापड. मग दुसऱ्या बाजूनं ते टोक वर आलं, चमकलं. मावशीनं ते पकडून ओढलं आणि मागून सगळा काळा दोरा सरसरत आला. तिनं गाठ मारली. एक, मग उलटी दुसरी. बोट सोडलं. कपाचा कान जागच्या जागी होता.

तिनं तो हलवून पाहिला. हलला नाही.

"धरलं," ती म्हणाली. "अगं, धरलं!" आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. पहिल्या रात्री डबा उघडताना न आलेलं पाणी ते. हातमोजे घातलेले असल्यामुळे तिला डोळे पुसता येईनात. बाईंनीच आपल्या बाहीनं पुसले. मग दिवस मावळेपर्यंत ती शिवत राहिली. जेवायला उठवावं लागलं. सुरुवातीचे टाके वाकडे, एक फार आवळलेला, एक सैल; पण मी उसवून देते म्हटलं तर ऐकेना.

चौथ्या दिवशी संध्याकाळी घरच्या मंडळींना बोलावलं होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, ओले केस विंचरून आले. आत येताना त्यांनी बूट इतके पुसले, की मागच्यांना खोळंबावं लागलं. मावशी फळीपासून लांब उभी राहिली. तिला समोर राहवेना.

काकांनी आधी हात मागे बांधून बघितलं. मग एकेक ओळखत गेले. "रेडिओ," म्हणाले. "पाळणा. हे... हे बूट." दोऱ्यापाशी आल्यावर थांबले. वाकून जवळून पाहिलं. "हे टाके कुणी घातले?"

"मी," मावशी लांबूनच म्हणाली.

काकांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान डोलावली, पुन्हा डोलावली, आणि परत फळीकडे वळले.

बाहेर अंधारून आलं होतं. बाईंनी वरचे मोठे दिवे मालवले आणि प्रत्येक कामाच्या अंगाला एक छोटा दिवा लावला. उजेड आडवा पडला आणि मावशीच्या फळीवर जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्याही मनात नव्हतं. वेटोळ्यातल्या दिव्याच्या बाजूच्या वस्तूंच्या सावल्या लांबत लांबत मधल्या मोकळ्या जागेत शिरल्या. मिनिटकाट्याची सावली उंच झाली, घंटीची वाकली, चाकाची लहान आणि गोल. त्या ओसाड कापडावर माणसं येऊन उभी राहिल्यासारखं झालं. एक उंच, एक किंचित पुढे झुकलेलं, त्यांच्यामध्ये एक बुटकं.

बाईंनी असली शेकडो कामं पाहिली असतील. त्याही दिव्यापाशी हात धरून थबकल्या होत्या.

मावशी पुढे आली, काकांच्या शेजारी उभी राहिली. "हे मी केलेलं नाही," ती कुजबुजली. "मी फक्त वस्तू शिवल्या. हे आलं कुठून?"

"मला काय विचारतेस," काका म्हणाले. "मी तर नुसते तुकडे ठेवले."

दोघं तशीच उभी राहिली. पाहुणे आले, गेले. मेकॅनिकची बायको आपला कंगवा ओळखून तोंडावर हात ठेवून हसत सुटली. कुणीतरी चहा फिरवला. त्या दोघांना त्याचं काही नव्हतं. मध्येच काकांनी दिव्यापुढे बोट नेऊन पाहिलं, तर मधल्या जागेत आणखी एक जण आला. मावशीनं त्यांचा हात मागे ओढला नाही. तिनं आपलंही बोट पुढे केलं.